दाराशी बसायला जागा ठेवा: खानदेशातल्या वास्तुविशारदांना, बिल्डरांना आणि नगररचना कार्यालयांना खुले पत्र

सविनय नमस्कार.

मी जळगावात नकाशे काढण्याचं काम करते. वास्तुविशारद आखणी करतात, अभियंते खांब-तुळया ठरवतात, आणि कागदावरच्या कुठल्या चौकोनात काय लिहायचं ते शेवटी माझ्यासारख्या ड्राफ्ट्समनच्या हातून उतरतं. त्यामुळे एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर येते. आतल्या खोल्यांना आपापली नावं आहेत. पण दाराशी जी जागा असते, ती चार पावलांची असो की चाळीस, तिला सरसकट एकच नाव: एंट्रन्स लॉबी. दवाखाना, अपार्टमेंट, मंगल कार्यालय, पतसंस्था, शाळा, सगळीकडे तेच. नाव एक झालं आणि हळूहळू जागाही एकसारखी झाली. गुळगुळीत फरशी, एका अंगाला लिफ्ट, दुसऱ्या अंगाला मीटरच्या पेट्या, भिंतीवर नावांची पाटी. बसायला काही नाही. उन्हातून आलेल्या माणसानं दोन मिनिटं थांबावं असं काही नाही.

म्हणून हे पत्र आखणाऱ्यांना, बांधणाऱ्यांना आणि मंजुरी देणाऱ्यांना, तिघांनाही. मागणी सरळ आहे. नकाशात, माहितीपत्रकात आणि करारनाम्यात दाराजवळच्या जागेला तिचं नेमकं नाव लिहा, आणि ते नाव जे मागतं ते तिथे बांधून द्या.

मागे एका कामात दर्शनी बाजूला मी 'ओटा' असं लिहिलं होतं. नकाशा परत आला. शेरा होता: ओटा स्वयंपाकघरात दाखवावा. शेरा लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. आपल्या डोळ्यांदेखत हा शब्द घराच्या पुढून उठून आत गेला आणि गॅसच्या शेगडीखाली जाऊन बसला. 'ओटा पुसून घे' म्हटलं की आता कुणाच्याही मनात कडाप्प्याची फळी येते, गल्ली येत नाही.

खानदेशातल्या जुन्या गावात ओटा म्हणजे काय होतं, ते जरा नीट सांगते, कारण बांधायचा झाला तर तो नीट कळायला हवा. दर्शनी भिंतीला लागून हातभर उंच, दोन-अडीच हात रुंद. पाय खाली सोडून बसता येईल इतकाच उंच. मातीचा असेल तर शेणानं सारवलेला, पुढच्या काळात शहाबादी फरशीचा. कडेची फरशी बसून बसून गुळगुळीत झालेली, आणि मधल्या जागेत कुणीतरी कोळशानं आखलेला सारीपाट नाही तर वाघ-बकरीचा डाव. ओट्याला छप्पर लागतंच असं नाही. त्याला दार नसतं, कठडा नसतो. तो घरमालकाचा असतो, पण त्यावर टेकायला घरमालकाला विचारायची रीत नाही. बाजाराहून येणारी बाई डोक्यावरचं ओझं आधी ओट्यावर ठेवते, मग स्वतः टेकते, आतून पाण्याचा तांब्या येतो, ती पुढे जाते. नाव-गाव विचारलं तर विचारलं.

आपल्याकडे ओट्याला आणखी एक काम असतं, ते कापसाचं. दिवाळीच्या पुढेमागे कापूस घरात येतो. भाव मनासारखा नसला की शेतकरी तो विकत नाही, घरातच भरतो. ओसरी भरते, मधली खोली आढ्यापर्यंत भरते. मग तेवढे महिने घरातली माणसं ओट्यावरच राहतात म्हणा ना. पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची झोप, पाहुण्यांचा चहा, सगळं ओट्यावर. घराची एक खोली कमी पडली की तिची भर ओटा घालतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात, तेव्हा ज्या घरची भुलाबाई त्या घरचा ओटा नाही तर ओसरी त्यांची. खाऊचा डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायचा खेळ तिथेच रंगतो. पोळ्याला बैल दाराशी येतो, त्याला ओवाळायचं ते उंबऱ्यात उभं राहून. आणि नवी सून घरात येते ती उंबऱ्यावरचं माप ओलांडून.

ओसरी वेगळी. ती छपराखाली असते आणि घरात मोजली जाते. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घराचं माप जसं खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरांत सांगतात, तशी ओसरीही दोन खणांची, तीन खणांची अशी सांगतात. ओट्यावर माणूस टेकतो, ओसरीत मुक्काम करतो. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण ओसरीवरच बेतली गेली. ओट्यावर ती बेतलीच नसती, कारण ओटा कुणी कुणाला देत नाही. पडवी म्हणजे मूळ घराला बाजूनं जोडलेलं उतरतं छप्पर, तिथे गुरं, सरपण, अवजारं. कोकणातली ओटी, मराठवाड्यातली ढेलज, या त्या त्या मुलखाच्या गोष्टी, त्यांच्यात मी जात नाही. पण वळचणीबद्दल बोलायलाच हवं. जागा म्हणावी की नाही इतकी ती अरुंद. छपराच्या कडेखालची पट्टी, बस. पण पाऊस आला की वाटसरू तिथे भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि त्याला कुणी हटकत नाही. आज इमारतीचा दर्शनी भाग काचेचा आणि एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा असतो, वरपासून खालपर्यंत सपाट. दारावर हातभर छज्जासुद्धा नसतो. पार्सल घेऊन आलेला मुलगा पावसात आपल्या अंगावरच्या कोटापेक्षा पिशवीला जास्त जपत उभा असतो, आतला माणूस खाली येईपर्यंत. चार फुटांचा छज्जा काढायला किती सिमेंट लागतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त लागलेला शब्द देवडी. किल्ल्याच्या दरवाज्यातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना जोत्यावरचे कोनाडेवजा ओवरे दिसतात, त्या देवड्या. मोठ्या वाड्यांनाही त्या असत. संस्कृतात देहली म्हणजे उंबरठा. त्याचीच ही पुढची रूपं, हिंदीत ड्योढी, मराठीत देवडी. हैदराबादेत तर सरदारांच्या अख्ख्या हवेलीलाच देवडी म्हणू लागले. पण मुद्दा तिच्या बांधणीचा आहे. देवडी पहारेकऱ्यासाठी असे. तिला सावली असे, बसायला जोतं असे, पाठ टेकायला भिंत असे, भिंतीत दिवा ठेवायला कोनाडा असे. दरवाजा राखणारा माणूस दिवस-रात्र तिथे राहणार आहे, हे बांधणाऱ्यानं दगड रचतानाच धरलं होतं.

आता आपल्या सोसायट्यांची सिक्युरिटी केबिन पाहा. नकाशावर तीन फूट बाय तीन फूट. जागेवर पत्र्याची नाही तर फायबरची पेटी, पश्चिमेला तोंड, आत एक मोडकी खुर्ची. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या पेटीत दुपारी बसता येत नाही, म्हणून वॉचमनकाका पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीच्या सावलीला बसतात, आणि जागेवर नाहीत म्हणून बोलणी खातात. हा त्यांचा दोष नाही. ज्यानं नकाशावर ती पेटी काढली, त्यानं तिथे माणूस बसणार आहे हे मनात आणलंच नाही. तिथे 'देवडी' लिहायची सवय असती तर निदान विचार तरी झाला असता की देवडीला जोतं लागतं, सावली लागते, पाण्याचा नळ लागतो.

परक्या शब्दांशी माझं भांडण नाही. मी दिवसभर त्याच शब्दांत काम करते, आणि त्यांच्याही मागे कुणाचं तरी घर आहे, कुठलं तरी हवामान आहे. लॉबी हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून आला, मठांमधल्या छप्पर असलेल्या चालायच्या वाटेसाठी. पुढे लंडनच्या संसदेत सभागृहाबाहेरच्या दालनाला तेच नाव पडलं. सामान्य माणूस तिथे आपल्या प्रतिनिधीला गाठून गाऱ्हाणं घालत असे. म्हणजे मुळात तीही माणसं थांबण्याची, बोलण्याचीच जागा. फॉयर फ्रेंच, त्याच्या मुळाशी लॅटिन 'फोकस', म्हणजे चूल. थंड देशात नाटकाच्या मध्यंतरात लोक जिथे ऊब घ्यायला जमत ती जागा. व्हेस्टिब्युल ही रोमन घराच्या दारापुढची जागा. भुसावळच्या रेल्वेवाल्यांना तोच शब्द दोन डब्यांमधल्या झाकलेल्या वाटेसाठी ठाऊक आहे. व्हरांडा तर इथूनच, पोर्तुगिजांच्या सोबतीनं रुळून, इंग्रजीत गेला.

फॉयर शब्दाच्या पोटात शेक आहे, आणि आपल्याला दाराशी हवा आहे गारवा. शब्द बदलला की सगळं बदलेल असं मी म्हणत नाही. पण आखणी करणाऱ्यानं निदान एवढं विचारावं: माझ्या दाराशी येणारा माणूस कुठून येतो आहे? खानदेशात वर्षातले निदान तीन महिने तो उन्हातून, तापलेल्या वाऱ्यातून येतो. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते. त्याला आधी सावली, मग टेकायला काहीतरी, मग पाणी, आणि मग लिफ्ट. उन्हाळी मुलखातल्या लोकांनी हे आधीच ओळखलेलं आहे. इराणमध्ये यझ्द, काशानकडच्या जुन्या घरांत दारातून आत शिरलं की घुमटाखाली एक अष्टकोनी दालन लागतं, हश्ती. हश्त म्हणजे आठ. तिथे भिंतीला लागून बसायचे कट्टे असतात आणि पुढची वाट वळून आत जाते, म्हणजे दार उघडं राहिलं तरी घरातलं दिसत नाही आणि बाहेरची झळ थेट आत येत नाही. जपानी घरात गेनकान असतं. दारातून आत आल्यावर एक पायरी खालची जमीन, तिथे पादत्राणं काढायची, मग वर चढायचं. आपल्या अपार्टमेंटमध्ये चपला कुठे काढायच्या हा प्रश्न कुठल्याच नकाशात सोडवलेला नसतो. म्हणून प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये चपलांचे स्टँड उभे राहतात, आणि आग लागली तर पळायची तीच वाट असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला घेतलं, तिच्याकडे येते. आपल्याकडे कुणी गेलं की 'दारावर जाणे' म्हणतात. भेटायला जाणं नाही, घरी जाणं नाही, दारावर जाणं. माणसं गावोगावहून येतात. पुरुष ओट्यावर, अंगणात बसतात, बायका ओसरीत, आतल्या खोलीत. कुणी फार बोलत नाही. पाणी फिरतं. थोडा वेळ बसून लोक उठतात, दुसरे येऊन बसतात. दिवसकार्यापर्यंत हे चालतं. या रीतीला लागणारी जागा आपल्या घरात होती, म्हणून रीत चालली.

हीच रीत आता चौथ्या मजल्यावरच्या दोन बेडच्या फ्लॅटला येते, तेव्हा काय होतं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मंडपवाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतात आणि पार्किंगमध्ये लागतात. खाली सिमेंटचा कोबा, त्यावर ऑईलचे डाग, वर तुळयांमधून गेलेले ड्रेनेजचे पाईप. एका सोसायटीत मी अशीच बसले होते. गेलेल्या बाईंचे यजमान, सत्तरीच्या पुढचे, एका खांबाला टेकून बसलेले. त्यांच्या मागे पिवळ्या रंगात गाडीचा नंबर लिहिलेला. वरच्या मजल्यावरचे एकजण ऑफिसहून आले, त्यांची गाडी लावायची जागा नेमकी तीच. ते भले गृहस्थ, काही न बोलता गाडी रस्त्यावर लावायला वळले. पण त्या क्षणी ते आजोबाच उठायला लागले, मला सरकू द्या म्हणाले, गाडी येऊ द्या. दहा हात पुढे झाले त्यांना परत बसवायला. स्वतःच्या घराच्या दाराशी, अशा दिवशी, माणसाला आपण कुणाच्या तरी जागेत बसलो आहोत असं वाटावं, ही आपल्या आखणीची कमतरता आहे. त्या इमारतीच्या नकाशात एंट्रन्स लॉबी होती. लिफ्टपुढचा सहा बाय सहाचा चौकोन.

हे कसं झालं तेही मला कळतं, कारण मीच ते नकाशे काढते. जमिनीवरचा मजला गाड्यांना दिला आणि घर खांबांवर वर उचललं, तेव्हा ओट्याला चिकटायला भिंतच उरली नाही. प्लॉटवरच्या बंगल्यांत ओट्याची जागा गाडीच्या पोर्चनं घेतली आणि पुढे कंपाउंडची भिंत आली. गावठाणात ओटे गटारींवर वाढत गेले. गटार साफ करायची तर ते तोडावे लागतात, आणि तोडावेतच. पण गटारीवरचा वाढीव भाग काढताना मूळ जोत्याचा ओटाही उखडून टाकायचं कारण नाही, हे पालिकांना हात जोडून सांगते.

दाराला मान देणं आपल्या या मुलखात फार जुनं आहे. अजिंठा जिल्ह्यानं आपल्याकडे नाही, पण ज्या वाघुरेच्या वळणावर ती लेणी आहेत तिचं पाणी आपल्याच तापीला येतं आणि पर्यटक जळगावलाच उतरतात. तिथल्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मी अक्षरांत एक छोटा लेख आहे. वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसानं दिलेलं दान, आणि दान कशाचं, तर 'घरमुख'. आतला स्तूप नाही, खांब नाहीत, त्यानं फक्त दर्शनी भाग दिला आणि तसं कोरून ठेवलं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की घराला तोंड देणं हे नाव कोरण्याजोगं दान आहे. घरमुख हा शब्द मला फार आवडतो. कुणी धाडसी वास्तुविशारद तो पुन्हा वापरात आणेल तर मी आनंदानं तो नकाशावर लिहीन.

पुढे यादवकाळातल्या मंदिरांत शिरण्याचा तर क्रमच ठरलेला: दाराचा मुखमंडप, सभामंडप, गाभाऱ्याआधीचं छोटं दालन म्हणजे अंतराळ, गर्भगृह. चाळीसगावजवळ पाटणादेवीला किंवा साक्री तालुक्यात बळसाण्याला जाल तेव्हा दाराच्या चौकटीपुढे थोडं थांबा. एकात एक बसवलेल्या द्वारशाखा, म्हणजे चौकटीच्या कोरीव पट्ट्या असतात, वर मधोमध कोरलेली मूर्ती म्हणजे ललाटबिंब, खाली उंबरठ्यापुढे अर्धगोल पायरी म्हणजे चंद्रशिला. त्या काळच्या अनेक मंदिरांच्या मुखमंडपाला कक्षासन असतं, म्हणजे कडेनं बसायचा कट्टा आणि पाठ टेकायला बाहेर झुकलेला दगड. देवाच्या दारातसुद्धा आलेल्या माणसाच्या पाठीचा विचार केलेला. आणि उंबरठ्याला संस्कृत वास्तुशास्त्रात 'उदुंबर' म्हणतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत चौकटीच्या मापांबरोबर त्याचीही जाडी सांगितली आहे. आपला उंबरा त्याच घराण्यातला. आज उंबरा म्हणजे दारात टाकलेली चार इंची ग्रॅनाइटची पट्टी, ती कुणी कुठल्या मापानं टाकायची ते फरशीवालाच ठरवतो.

हे सगळं लिहिताना दुसरी बाजू झाकून ठेवणं मला पटणार नाही. ओट्यावर टेकायला विचारायची रीत नाही असं आपण अभिमानानं सांगतो, पण ती मोकळीक सगळ्यांना नव्हती. कुणी ओट्यावर, कुणी ओट्याखाली आणि कुणी अंगणाच्याही पलीकडे, हे जातीवर ठरत होतं. ओंजळीत वरून ओतलेलं पाणी याच ओट्याच्या कडेवरून ओतलेलं आहे. सासरे, दीर ओट्यावर बसलेले असताना सुनेनं पदर सावरत मागच्या दारानं निघून जायचं. 'पायरी ओळखून राहा' हे ज्यांना ऐकवलं गेलं, त्यांच्या घरात ओटा या शब्दाची आठवण वेगळी आहे. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषणाला बसले, ते एका उंबरठ्यासाठीच. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून. १० मे रोजी ते उपोषण सुटलं. म्हणून जुना ओटा जसाच्या तसा परत आणा असं मी म्हणत नाही आहे.

उलट, मला वाटतं की आजची सोसायटी हीच ओट्यासाठी जास्त योग्य जागा आहे. २०१६ च्या रिअल इस्टेट कायद्यात सामाईक जागांची व्याख्या आहे. तीत जिने, लिफ्ट, जिन्याच्या आणि लिफ्टच्या लॉबी, आणि इमारतीत ये-जा करण्याचे सामाईक मार्ग यांची नावं घेतलेली आहेत. म्हणजे दाराशी जी जागा असेल तिचा कुणी एक मालक नाही. तिथला ओटा कुणा एका घराचा, एका जातीचा राहणारच नाही. फक्त तो बांधल्यावर 'घरकाम करणाऱ्यांनी येथे बसू नये' अशी पाटी त्यावर लावू नका. अशा पाट्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या लावणारे लोक एरवी फार चांगले असतात.

तर आता कामाचं बोलते. पार्किंगमध्ये एका चारचाकीला आपण साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतो. तेवढ्याच जागेत दोन्ही बाजूंनी ओटे काढले तर पंधरा माणसं आरामात बसतात. एवढी एक गाडी कमी करा. बसायची उंची ४५ सेंटीमीटर, रुंदी निदान ६०, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला मांडी घालता येते. शेजारून बारास एक उताराचा रॅम्प आणि त्याला कठडा, कारण ज्यांना पायरी चढता येत नाही त्यांच्यासाठी ओटा हा अडथळा होता कामा नये. पश्चिमेचं ऊन येत असेल तर विटांची जाळी. आगीच्या बंबाला इमारतीभोवती जी मोकळी वाट सोडावी लागते, तीत ओट्याचा एक इंचही येऊ देऊ नका. ओटा वरच्या मजल्याच्या सावलीतच असू दे. देवडीला जोतं, पंखा, पाणी आणि जवळ संडास. दारावर चार फुटांची वळचण. साहित्य महाग लागत नाही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबू आणि गावातल्याच साध्या साहित्यातून उभी केली होती. आपल्याकडे वीट आहे, काळा दगड आहे, सातपुड्याचा बांबू आहे. काच आणि पत्रा पश्चिमेच्या उन्हात तापतो, हे तर तिथे राहायला गेलेला प्रत्येकजण पहिल्याच उन्हाळ्यात सांगतो.

नगररचना कार्यालयांना वेगळं मागणं. १९६४ च्या राजभाषा कायद्यानं मराठी या राज्याची राजभाषा आहे. २०२० च्या डिसेंबरात जवळजवळ सगळ्या राज्यासाठी बांधकामाची एकच नियमावली आली. तिच्या आधारे छाननी करताना ओटा, ओसरी, देवडी, वळचण हे शब्द दिसले तर ते चूक म्हणून खोडू नका. शंका असेल तर त्या जागेचं माप विचारा, उपयोग विचारा. आणि बिल्डर मंडळींनी माहितीपत्रकात 'ओसरी' छापून जागेवर लिफ्टपुढचा चौकोन देऊ नये. तसं करण्यापेक्षा लॉबीच लिहा, ते खरं तरी असेल. करारनाम्यात सामाईक जागांच्या यादीत ओटा, त्याचं क्षेत्रफळ आणि तिथे बसायची सोय असं स्पष्ट लिहिलं, तर पुढे सोसायटीत कुणाला तिथे दोन स्कूटर लावता येणार नाहीत.

शेवटचं मागणं शब्दांच्या यादीचं. मी वर लिहिलेले शब्द बहुतेक प्रमाण मराठीतले आहेत. अहिराणी, तावडी, लेवा बोली, गुजरी, भिलोरी, पावरी या आपल्या बोलींत दाराच्या जागांना काय म्हणतात, हे एका ठिकाणी मांडून, शेजारी त्या जागेचं मोजमापाचं चित्र काढून ठेवायला हवं. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्या वि. का. राजवाड्यांच्या नावानं ते उभं आहे, त्यांनी मराठी शब्दांची मुळं शोधण्यात आयुष्य घातलं आणि १९२६ मध्ये धुळ्यातच देह ठेवला. जळगावात विद्यापीठ आहे. तुमच्या संघटना आहेत. या तिघांनी मिळून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी जुने गवंडी, सुतार, आणि ज्यांनी ओटे सारवले त्या म्हाताऱ्या बायका यांना बोलवा, त्यांच्या येण्या-जाण्याचा खर्च द्या, आणि नकाशे काढणाऱ्यांना त्यांच्या शेजारी कागद-पट्टी देऊन बसवा. मी रजा काढून येईन. तारीख आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीची धरावी. त्यानंतर ऊन फार असतं, आणि या लोकांना दुपारी प्रवास करायला लावणं बरं नाही.

आपली,
जळगावातली एक ड्राफ्ट्समन